व्याख्येच्या आधी आलेलं प्रमेय

सोलापुरात बी.एस्सी.ला गणित घेणाऱ्या मुलांना ‘ग्रुप’, म्हणजे दोन घटक जोडण्याची एक क्रिया दिलेला संच, भेटतो तो चार अटींच्या रूपात: संवृतता (जोडून येणारा घटकही त्याच संचात), साहचर्य (कंस कुठेही घातले तरी उत्तर तेच), अविकारक घटक (ज्याने काही बदलत नाही) आणि व्यस्त (क्रिया उलटवणारा घटक). व्याख्या पाठ झाली की थोड्याच पानांनी लाग्रांजचं प्रमेय येतं. सांत (मर्यादित घटकांच्या) ग्रुपमधल्या उपग्रुपची, म्हणजे त्याच्या आतल्या लहान ग्रुपची, घटकसंख्या मूळ ग्रुपच्या घटकसंख्येला निःशेष भागते. शिकवायला हा क्रम सोयीचा आहे, पण प्रत्यक्षात घडलं ते नेमकं उलट. ते सांगितलं नाही, तर या चार अटी कुणी आणि कशासाठी घातल्या हे मुलांना कधीच कळत नाही.

1770-71 च्या सुमारास लाग्रांजपुढे ग्रुप नव्हताच. प्रश्न होता समीकरणांचा: चौथ्या घातापर्यंत सूत्रं मिळतात, मग पाचव्याचं का अडतं? त्याने मुळांची, म्हणजे समीकरणाच्या उत्तरांची, अदलाबदल करून पाहिली. चार मुळं अ, ब, क, ड घ्या आणि अब + कड ही राशी लिहा. मुळांच्या जागा 24 प्रकारे बदलता येतात, पण राशीच्या वेगवेगळ्या किमती तीनच मिळतात. 24 ला 3 ने भाग जातो. अशा किमतींची संख्या एकूण अदलाबदलींच्या संख्येला नेहमी निःशेष भागते, हे लाग्रांजच्या लक्षात आलं. राशी न बदलणाऱ्या अदलाबदलींचा उपग्रुप होतो, म्हणून आज त्याच्या नावाने शिकवतात त्या प्रमेयाचं हे मूळ रूप. वहीत एकदा हे 24 प्रकार मांडून पाहावेत. त्या तासाभरात प्रमेय जितकं कळतं, तितकं सिद्धता घोकून कळत नाही.

पाचव्या घाताचं सर्वसाधारण सूत्र नाही, हे आबेलने 1824 मध्ये दाखवलं. 1832 मध्ये विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात गेलेल्या गाल्वाने ‘ग्रुप’ हा शब्द वापरला, पण त्याची अट एकच: दोन अदलाबदली एकापाठोपाठ केल्या तर येणारी तिसरीही त्याच संचात हवी. अदलाबदली सांत असल्या की बाकीच्या अटी आपोआप पाळल्या जातात, म्हणून त्याचं काही अडलं नाही. त्याचं लेखन ल्यूव्हिलने 1846 मध्ये छापलं. अदलाबदल बाजूला ठेवून अमूर्त व्याख्या मांडली ती आर्थर केली या गणितज्ञाने, 1854 मध्ये. तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 1882 मध्ये फोन डिक आणि वेबर यांनी विषय पुन्हा हाती घेतला, तेव्हा ती रुळू लागली. प्रमेयानंतर शंभराहून अधिक वर्षांनी!

एकदा व्याख्या पक्की झाल्यावर मात्र ती कुठल्या कुठे पोचली, अगदी नक्षीकामापर्यंत. ज्या हालचालीनंतर नक्षी जशीच्या तशी दिसते ती तिची सममिती, आणि अशा हालचालींचा ग्रुप होतो. सपाट पृष्ठावर दोन दिशांना पुन्हापुन्हा येणाऱ्या नक्षीचे सममितीनुसार नेमके 17 प्रकार होतात, हे फेडोरोव्हने 1891 मध्ये सिद्ध केलं. पोल्याने 1924 मध्ये ते स्वतंत्रपणे पुन्हा शोधलं. नुसत्या काठासारखी एकाच दिशेने जाणारी नक्षी असेल, तर प्रकार सातच.

हे तपासायला सोलापूरइतकं सोयीचं गाव नाही. पूर्व भागातल्या मागांवर जेकार्डच्या, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या यंत्रणेच्या, चादरी विणल्या जातात. ताणा आणि बाणा काटकोनात असतात, त्यामुळे नक्षीची प्रत्येक कड उभी किंवा आडवीच राहते. अशी नक्षी 60 किंवा 120 अंशांत फिरवली तर कडा तिरप्या होतात, स्वतःवर बसत नाहीत. त्यामुळे अशा फिरवण्यावर आधारलेले 17 पैकी पाच प्रकार विणीत काटेकोरपणे येऊच शकत नाहीत. चादरीवर षटकोनी फूल दिसलं, तरी धागे मोजल्यावर त्याची सममिती उरलेल्या बारांपैकीच एका प्रकारात बसते.