बाउएर, येव्गेनी

येव्गेनी फ्रांत्सेविच बाउएर (१८६५–१९१७) हा क्रांतिपूर्व रशियातील मूकपटांचा दिग्दर्शक. त्याचा जन्म मॉस्को येथे झाला. काही काळ चित्रकलेचे शिक्षण घेऊन त्याने व्यंगचित्रे, छायाचित्रण आणि नाटकांचे नेपथ्य अशी कामे केली. सिनेमात तो आला तो नेपथ्यकार म्हणूनच, तेही पंचेचाळिशी उलटल्यावर. पुढे मुख्यतः अलेक्सांद्र खान्झोन्कोव्हच्या कंपनीसाठी, अवघ्या चार-पाच वर्षांत, त्याने सुमारे ८० चित्रपट केले. त्यांपैकी तिसाहूनही कमी आज उपलब्ध आहेत.

बाउएरची शैली नेपथ्यकाराच्या नजरेतून घडली. सपाट रंगवलेल्या पडद्यापुढे नट उभे करण्याऐवजी तो खांब, जिने, झिरझिरीत पडदे आणि झाडांच्या कुंड्या एकामागे एक मांडून चौकटीला खोली देई, आणि बाजूने किंवा मागून येणाऱ्या प्रकाशाने त्या खोलीत पात्राचे एकटेपण दाखवी. रशियन लेखक तुर्गेनेव्हच्या कथेवरील ‘मृत्यूनंतर’ (१९१५) या चित्रपटात आईच्या शोकात बुडालेला, माणूसघाणा नायक मित्राच्या आग्रहाने एका मेजवानीला जातो. तिथे कॅमेरा बराच वेळ त्याच्याबरोबर सरकत राहतो, एकेक अनोळखी चेहरा त्याच्यापुढे येतो, आणि त्याचे अवघडणे पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या एकाही पाटीशिवाय कळते. त्या काळी कॅमेरा बहुधा जागचा हलत नसे.

मृत स्त्रीचे वेड हा त्याचा आवडता विषय. ‘दिवास्वप्ने’ (१९१५) मधील विधुर दिवंगत पत्नीच्या जपून ठेवलेल्या वेणीनेच तिच्यासारख्या दिसणाऱ्या नटीचा गळा आवळतो. ‘मरणासन्न हंस’ (१९१७) मधील चित्रकाराला मृत्यूचे चित्र रंगवायचे असते; मूक नर्तकीच्या चेहऱ्यावर प्रेमाने जीव आलेला पाहताच तो तिला ठार मारतो. कथानके भडक आहेत, हे मान्य करावे लागते. पण दृश्यांचा संयम त्यांना सावरून धरतो.

क्रिमियात चित्रीकरणाच्या काळात पाय मोडल्यानंतर न्यूमोनिया होऊन १९१७ च्या जून महिन्यात याल्टा येथे त्याचे निधन झाले. त्याच्याच हाताखाली नेपथ्य शिकलेला लेव्ह कुलेशोव्ह पुढे संकलनाला सिनेमाचा पाया मानणाऱ्या सोव्हिएत पंथाचा अग्रणी ठरला, म्हणजे गुरूने चौकटीच्या आत जे साधले ते शिष्याने दोन चौकटींच्या जोडणीत शोधले. सोव्हिएत काळात ‘ऱ्हासशील’ ठरून बाउएर विस्मृतीत गेला. १९८९ मध्ये इटलीतील पोर्देनोने येथील मूकपट महोत्सवात क्रांतिपूर्व रशियन चित्रपट दाखवले गेले, तेव्हा कुठे बाहेरच्या अभ्यासकांना त्याची खरी ओळख झाली.