अंतःस्थापित लिनक्समधील आरंभ स्क्रिप्ट

राउटर, तिकीटयंत्र, यंत्रमागावरचा नियंत्रक अशा एकाच कामाला वाहिलेल्या यंत्रातील लिनक्स प्रणालीला वीज मिळताच तिच्या सेवा (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम) ठरावीक क्रमाने सुरू करणारी आणि यंत्र बंद होताना त्या थांबवणारी ‘शेल’ या आज्ञा-दुभाष्यासाठी लिहिलेली छोटी आज्ञावली. व्यवहारात ‘इनिट स्क्रिप्ट’ किंवा ‘स्टार्टअप स्क्रिप्ट’ हीच नावे रूढ आहेत.

कर्नल (प्रणालीचा गाभा) मूळ फाइल प्रणाली जोडून घेतो आणि १ क्रमांकाची ‘इनिट’ ही प्रक्रिया सुरू करतो. वेगळी सूचना नसेल तर तिला तो ‘एसबिन’, ‘एटसी’ व ‘बिन’ या निर्देशिकांत याच क्रमाने शोधतो, शेवटी नुसते शेल चालवून पाहतो, आणि तेही नसेल तर ‘पॅनिक’ होऊन थांबतो. पुढचे सारे इनिटकडे.

‘आरसी’ या अक्षरांचा उगम : या फायलींच्या नावांत सर्वत्र ‘आरसी’ ही दोन अक्षरे आढळतात. त्यांचा विग्रह काही जण ‘रन कंट्रोल’ असा करतात. तो अर्थाला जुळत असला तरी मागाहून बसवलेला दिसतो. अधिक ग्राह्य मत असे की, ही अक्षरे एमआयटीमधील सीटीएसएस या कालविभाजन (एकच संगणक अनेकांना वाटून देणाऱ्या) प्रणालीतल्या ‘रनकॉम’ या सुविधेवरून आली. फायलीत लिहून ठेवलेल्या आज्ञा ती ओळीने पार पाडत असे. तिचा कर्ता लुई पूझँ. त्याच्या कथनानुसार हे काम १९६३-६४ च्या सुमारास झाले, तर युनिक्स (लिनक्सने जिचा कित्ता गिरवला ती प्रणाली) घडवणाऱ्यांपैकी कर्निहन व रिची यांनी या व्युत्पत्तीला दुजोरा देताना १९६५ च्या आसपासचा काळ सांगितला आहे. दोन्ही विधाने आठवणींवर आधारलेली असल्याने १९६० च्या दशकाचा पूर्वार्ध एवढे म्हणणे सुरक्षित. आज्ञांची माळ आधी ओवून ठेवायची आणि यंत्राने ती मुकाट्याने वाचायची, ही कल्पना जकार्डच्या छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चादरीची नक्षी विणणाऱ्या सोलापुरात मुद्दाम समजावून सांगावी लागू नये.

परंपरा : युनिक्सच्या बीएसडी शाखेत पूर्वी एकाच मोठ्या फायलीत सर्व आरंभ होई. एटीअँडटीच्या सिस्टिम फाइव्ह या युनिक्समध्ये (१९८३) प्रत्येक सेवेची वेगळी स्क्रिप्ट, तिला ‘स्टार्ट’ व ‘स्टॉप’ असे शब्द देण्याची रीत आणि क्रम ठरवणारे दोन अंकी क्रमांकांचे दुवे स्थिरावले. लहान यंत्रांत मात्र बिझीबॉक्स या, अनेक लहान साधने एकत्र बांधलेल्या प्रोग्रामचा इनिट अधिक आढळतो. बिझीबॉक्स ब्रूस पेरेन्सने १९९५ च्या सुमारास डेबियनच्या आरंभ-फ्लॉपीसाठी लिहिला. त्याच्या इनिटला ‘रनलेव्हल’ (यंत्राच्या चालण्याच्या क्रमांकित अवस्था) ठाऊक नाहीत. काय चालवायचे ते सांगणारी ‘इनिटटॅब’ फाइल नसली तर तो थेट ‘आरसीएस’ ही स्क्रिप्ट चालवतो. अशा यंत्रांसाठी लिनक्स बांधून देणाऱ्या बिल्डरूटमध्ये हीच ‘आरसीएस’ फाइल ‘एस’ या अक्षराने व दोन अंकांनी सुरू होणाऱ्या स्क्रिप्ट चढत्या क्रमाने एकेक करून चालवते. एखादी स्क्रिप्ट पार्श्वभूमीत न जाता अडून बसली की मागच्या सगळ्या खोळंबतात.

क्रम आणि तयारी : ‘एस४०’ नंतर ‘एस५०’ येते, एवढेच क्रमांकावरून कळते. चाळीसची सेवा कामाला तयार झाली आहे, असा त्याचा अर्थ नाही. ‘स्टार्ट-स्टॉप-डेमन’ हे साधन सेवेला पार्श्वभूमीत ढकलून यशाचा निर्वाळा देते. त्यानंतर ती सेवा लगेच कोसळली तरी निर्वाळा कायम राहतो. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मागाचे फेरे मोजणारी पेटी बसवली आहे, असे धरू. यूएसबीवरचा गणक कर्नलला ओळखू येण्यास एखाद-दोन सेकंद लागले, तर आधीच सुरू झालेली नोंदणी सेवा ‘उपकरण नाही’ म्हणून बाहेर पडते. यावर उपाय म्हणजे उपकरणाची फाइल दिसेपर्यंत मर्यादित काळ थांबून पुन्हापुन्हा तपासणारी फेरी (लूप). ‘स्लीप १०’ (दहा सेकंद नुसते थांब) लिहून मोकळे होणे ही सर्रास दिसणारी पळवाट आहे.

कारखान्यात लाइट गेली की पेटीला रीतसर ‘स्टॉप’ कधीच मिळत नाही. म्हणून प्रक्रिया क्रमांकाची ‘पिड’ फाइल स्मृतीतल्या तात्पुरत्या फाइल प्रणालीवरच ठेवावी. ती फ्लॅशवर (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीवर) राहिली आणि पुढच्या खेपेस तोच क्रमांक दुसऱ्या प्रक्रियेला मिळाला, तर सेवा चालूच आहे असा समज होऊन ती सुरू केली जात नाही. बॅटरीवरचे घड्याळ नसलेल्या पेटीत तारीख अनेकदा १ जानेवारी १९७० पासून मोजली जाते. वेळ जुळवून घेण्याआधी नोंदणी सुरू झाली तर रात्रपाळीचा हिशेब त्या वर्षात जमा होतो.

विंडोजवर संपादित केलेल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीअखेर एक अदृश्य वर्ण शिल्लक राहतो. शेलचे नाव त्यामुळे बिघडते आणि डोळ्यांसमोर असलेली फाइल ‘सापडत नाही’ असा संदेश येतो. नवख्यांचे तास यात जातात.

पर्याय : नेटबीएसडी १.५ (२०००) या बीएसडी प्रणालीत क्रमांकांऐवजी अवलंबित्व, म्हणजे कोणती सेवा कोणावर विसंबून आहे ते, लिहिण्याची पद्धत आली. २०१० मधील सिस्टिमडी या लिनक्सच्या इनिटमध्ये तीच दिशा अधिक विस्तृत झाली. पण थोड्या मेगाबाइटच्या फ्लॅशमध्ये सिस्टिमडी मावत नाही. साधी स्क्रिप्ट मेलेल्या सेवेला उठवत नाही. ते काम बिझीबॉक्सच्या ‘इनिटटॅब’मधील ‘रीस्पॉन’ ओळ करते. राउटरसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्सच्या ‘प्रॉकडी’ या इनिटमध्ये यासाठी ३६००, ५, ५ हे प्रचलित आकडे आहेत : सेवा तासाभराच्या आत पडली तर ती लवकर पडली असे धरायचे, पाच सेकंदांनी उठवायचे, आणि असे पाचदा झाल्यावर नाद सोडायचा.