वजा १८ हा आकडा आला कुठून?

फ्रोझन मटारचं पाकीट उलटून पाहिलं की मागे बारीक अक्षरात एक ओळ हमखास सापडते: वजा १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली साठवा. आकडा जरा चमत्कारिकच. वजा १५ नाही, वजा २० नाही, नेमका १८. त्या तापमानाला जंतू मरत असतील म्हणावं, तर तसंही नाही. सेल्सिअस सोडून फॅरनहाइटमध्ये मोजलं की कोडं सुटतं. शून्य अंश फॅरनहाइट म्हणजे वजा १७.८ अंश सेल्सिअस. अमेरिकेतल्या धंद्याने आपल्या मापातला एक गोल आकडा धरला आणि बाकीच्या जगाने तो आपल्या मापात उतरवून घेतला.

आता ते शून्य तरी कुठलं? डॅनिएल फॅरनहाइटने १७२४ मध्ये आपलं माप मांडलं, तेव्हा बर्फ, पाणी आणि नवसागर (मिठासारखाच एक क्षार) यांच्या मिश्रणाचं तापमान शून्य धरलं होतं. पॉटात आइस्क्रीम केलेल्या घरांना ही युक्ती नवी नाही. लाकडी बादलीत बर्फ, त्यावर मूठमूठ खडेमीठ, मधे आमरस-दुधाचा डबा. मिठाने बर्फ वितळायला लागतो, वितळताना शेजारची उष्णता ओढून घेतो आणि तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या बरंच खाली जातं. मे महिन्यात हात भरून येईतो दांडा फिरवणारी पोरं फॅरनहाइटचाच प्रयोग करत असत.

थंडीने अन्न टिकतं हे जुनंच ज्ञान आहे. मुंबईत १८३०च्या दशकात बर्फ यायचा तो थेट बॉस्टनहून, लाकडाच्या भुशात भरून, जहाजाने. पण त्याने पाणी नि सरबतं गार व्हायची, अन्न गोठायचं नाही. आपल्याकडची साठवण वेगळ्या वाटेची. कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, तीच गोव्यात पुरुमेंत: सुकट, खारे बोंबील, आमसुलं, सांडगे. या सगळ्यामागचं सूत्र एकच, जंतूंना पाणी मिळू द्यायचं नाही. गंमत अशी की फ्रीझरही बऱ्याच अंशी तेच करतो. पाणी पदार्थातच राहतं, पण त्याचा बर्फ झाल्याने जंतूंना ते वापरता येत नाही. त्या अर्थाने गोठलेला बांगडा हा सुक्या बांगड्याचा चुलतभाऊच.

आजच्या फ्रीझरची खरी गोष्ट सुरू होते कॅनडाच्या लॅब्राडोरमध्ये. क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन माणूस १९१२च्या सुमारास तिथे गेला होता. कडाक्याच्या थंडीत तिथले इनुइट लोक मासे बाहेर काढत, तोच ते वाऱ्यावर गोठून दगड होत. आणि महिन्यांनी शिजवले तरी ताज्यासारखे लागत. तोवर बाजारात जे गोठवलेलं मिळे ते पाणचट आणि गिळगिळीत असे, कारण ते सावकाश गोठवलेलं असे. वजा १ ते वजा ५ अंश या टप्प्यात पदार्थ जितका रेंगाळेल तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात. ते पेशी फाडतात आणि वितळल्यावर सगळा रस ताटलीत उतरतो. बर्ड्सआयने थंडगार धातूच्या पट्ट्यांमध्ये मासा दाबून झटपट गोठवण्याचं यंत्र केलं. १९२९ मध्ये त्याचा धंदा २ कोटी २० लाख डॉलरला विकला गेला आणि मार्च १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत गोठवलेल्या मालाची पाकिटं किरकोळ विक्रीला आली.

घरच्या फ्रीझरमध्ये आपण किलोभर चिकन एकाच गोळ्यात ठेवतो, तेव्हा नेमकं बर्ड्सआयच्या आधीच्या काळात जातो. तोच माल चपट्या पिशव्यांत पसरून ठेवला तर कितीतरी लवकर गोठतो.

मटारचा धडा वेगळा. न उकळता गोठवलेल्या मटाराला काही महिन्यांत वाळल्या गवतासारखा वास येतो, कारण त्यातली एन्झाइम्स, म्हणजे चव-रंग बदलवणारी प्रथिनं, थंडीत मंदावतात, थांबत नाहीत. म्हणून दाणे आधी दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. जानेवारीत मटार स्वस्त झाले की पोतं आणून सोलत बसणाऱ्या घरांत ही पायरी असते. साखरेची चिमूट घालायची की नाही यावर मात्र जावा-जावांचं कधी एकमत होत नाही.

वजा १८ला शास्त्राचं बळ मिळालं ते नंतर. कॅलिफोर्नियातल्या आल्बनी इथल्या सरकारी प्रयोगशाळेत १९४८ पासून गोठवलेले पदार्थ वेगवेगळ्या तापमानांना महिनोन् महिने ठेवून त्यांची चव, रंग, वास तपासले गेले. दिसलं ते असं की तापमान थोडंसं चढलं तरी टिकण्याचा काळ भराभर घटतो. १९७६ मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेच्या नियमावलीतही वजा १८ आला. पण जंतूंची वाढ साधारण वजा १०च्या आसपासच थांबलेली असते. म्हणजे उरलेले अंश आहेत ते मुख्यतः चवीसाठी. ‘मासे तीन महिने, मटार वर्षभर’ असे तक्ते असतात तेही चवीचेच. बांगड्यासारख्या तेलकट माशाला खवट वास लवकर लागतो, मटाराला तो प्रश्न नाही. मला वाटतं, चव आणि जंतू या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच लोक एकीकडे चांगलं अन्न फेकतात आणि दुसरीकडे ओट्यावर सकाळपासून वितळत ठेवलेलं चिकन संध्याकाळी निर्धास्तपणे शिजवतात. गोठवण्याआधी त्यावर जे जंतू होते त्यांतले बरेचसे मेलेले नसतात, ऊब मिळताच कामाला लागतात. वितळवायचं ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, आदल्या रात्री.

२०२३ च्या अखेरीस दुबईतल्या हवामान परिषदेच्या वेळी काही वाहतूक कंपन्यांनी वजा १५ पुरे, वीज वाचेल, असा आग्रह धरला. वाद चालू आहे.

आपल्याकडे १९५८ मध्ये गोदरेजने फ्रीज बनवायला घेतले. पण बरीच वर्षं घरात ‘फ्रीझर’ म्हणजे बर्फाचा ट्रे आणि भोवती वाढत जाणारा, सुरीने खरवडायचा बर्फ. फ्रीझरच्या कप्प्यावर तारे कोरलेले असतात: एक म्हणजे वजा ६, दोन म्हणजे वजा १२, तीन म्हणजे वजा १८. दारावरच्या वीजबचतीच्या ताऱ्यांशी त्यांचा काही संबंध नाही, दुकानदार मात्र सर्रास तेच दाखवतो. एका ताऱ्याच्या कप्प्यात पाकिटावरची मुदत लागू होत नाही. तिथे आठवडाभरच धरावा.

मग लोडशेडिंग. गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास तग धरतो, हा अमेरिकन हिशेब तिथल्या मोठ्या पेट्यांचा. आपला छोटा कप्पा त्याच्या कितीतरी आधी हार मानतो. गावी जाताना आमच्याकडे एक वाटी पाणी फ्रीझरमध्ये गोठवतात आणि वर रुपयाचं नाणं ठेवतात. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. वाटीच्या तळाशी बर्फात रुतून बसलेलं दिसलं, तर मधे केव्हातरी सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. मग खोवलेल्या नारळापासून सुरमईपर्यंत सगळं बाहेर.