नाद खुळा की नुसता मोठा?

कोल्हापुरात एखाद्या कॉलेजच्या बँडने जुन्या लावणीचं रॉक रूप केलं, की दोनच निकाल लागतात. पोरं म्हणतात 'नाद खुळा', घरातली मोठी माणसं म्हणतात 'गाण्याची वाट लावली'. खरं तर दोघांनीही बहुतेक वेळा गाणी ताडून पाहिलेलीच नसतात. त्यांनी ताडलेली असते ती आवाजाची पातळी.

दोन ध्वनिमुद्रणांत एखाद-दीड डेसिबलचा फरक असला, तर कान त्याला 'मोठा आवाज' म्हणत नाही. 'भरीव', 'स्पष्ट', 'जवळचा' म्हणतो. शिवाय हळू आवाजात आपल्याला खर्ज कमी ऐकू येतो, आवाज वाढवला की तो एकदम उठतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवलं. गणपतीत 'डॉल्बी'चा खर्ज एवढा अंगावर का येतो, याचं अर्धं उत्तर यात आहे. आजच्या रॉक मिक्समध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे लहान-मोठ्या आवाजांतलं अंतर कमी करणं, दाबून लावलेलं असतं. सर्वांत उंच टोक आणि सरासरी पातळी यांत बऱ्याचदा 8-10 डेसिबलचंच अंतर उरतं. जुन्या मुद्रणांत ते 14 किंवा त्याहून जास्त सापडतं. म्हणजे व्हॉल्यूमला हात न लावताही नवं गाणं आधीच वरच्या पातळीवर भांडत असतं.

म्हणून पहिलं काम पातळी एक करण्याचं. ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्राम पुरेसा आहे. दोन्ही गाण्यांतला एकाच ओळीचा, साधारण 20 सेकंदांचा तुकडा कापायचा आणि 'लाउडनेस नॉर्मलायझेशन'मध्ये दोन्हींना उणे 23 एलयूएफएस (सरासरी आवाज मोजायचं एकक) द्यायचं. हा आकडा मुद्दाम खालचा आहे. लहान आवाज ओढून मोठ्याएवढा करायला गेलात तर ढोलकीच्या थापेची टोकं छाटली जातात आणि तो दोष मूळ गाण्याच्या माथी बसतो. पूर्ण गाणं मोजू नका, कारण नव्या रूपात सुरुवातीला संथ गिटार असली तर सरासरी खाली येते आणि मुखडा पुन्हा चढाच राहतो. व्हॉट्सॅपवरून फिरून आलेली फाइल तर मुळीच नको; तिच्यातली वरची झिलई बऱ्याचदा आधीच गेलेली असते. खरंच फरक ऐकू येतो का याची खात्री हवी असेल, तर दुसऱ्या कुणाला तरी, कुठला तुकडा आहे ते तुम्हाला न सांगता, तुकडे लावायला सांगा. 16 पैकी 12 वेळा बरोबर ओळखलं तर समजायचं. नुसत्या अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी आहे.

मग पट्टी, म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या कुठल्या पांढऱ्या-काळ्या पट्टीवर धरलाय ते. लावणी काळी चारमध्ये असली तरी गिटारवाला ती पांढरी तीनवर ओढायला बघतो. कारण सोपं: गिटारची सर्वांत जाड तार मोकळी सोडली की 82.4 हर्ट्झचा (सेकंदाला तेवढ्या कंपनांचा) पांढरी तीनच वाजतो आणि त्याचा दणका दुसऱ्या कुठल्याही स्वराला येत नाही. किंमत गायिकेला मोजावी लागते. तानपुऱ्याचं ॲप लावून दोन्हींचा सा शोधा. जुन्या तबकडीवरून किंवा टेपवरून उतरवलेलं मुद्रण असेल तर सा दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठंतरी सापडेल. टेप 3 टक्के जास्त वेगाने फिरली तरी सूर अर्धं घर, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराच्या निम्मा, चढतो. तिथं 'मूळ गायिका बेसूर' असा शेरा मारायची घाई नको. लय मोजायला 30 सेकंदांतल्या टाळ्या मोजून दुप्पट करा. दुगुणीत मोजलं की आकडा दुप्पट येतो, एवढंच सांभाळायचं.

तालाचा फरक वेगापेक्षा ठेक्यात असतो. आठ मात्रांच्या चक्रात ड्रमवाला स्नेअर (खडखडीत आवाजाचा ड्रम) मारतो ती तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. समेवरचं, म्हणजे पहिल्या मात्रेवरचं, वजन सरकल्यासारखं होतं आणि ढोलकीच्या डाव्या हाताचा घुमारा, तो वर-खाली घसरणारा सूर, ड्रमसेटला काढताच येत नाही.

पण या तुलनेत सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे गंधार, म्हणजे सारेगमतला 'ग': कोमल असला तर गाणं रडवं लागतं, शुद्ध असला तर खुशीचं.

रॉक गिटारचा कर्कश, लांबणारा आवाज डिस्टॉर्शनचा असतो. ध्वनिलहरीची टोकं छाटली जातात आणि मूळ सुरात नसलेल्या कंप्रता तयार होतात. एकच सूर असेल तर त्याच्या पटी वाढतात, त्या गोडच लागतात. दोन सूर एकाच ॲम्प्लिफायरमधून गेले, की त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही जन्माला येतात. हिशेबासाठी सा 200 हर्ट्झ धरू. गिटारच्या पडद्यांवर पंचम 299.66 येतो. वजाबाकी 99.66, म्हणजे जवळजवळ खालच्या सप्तकातला सा. म्हणूनच सा-प हे जोडसूर, ज्याला वादक पॉवर कॉर्ड म्हणतात, छाटल्यावर उलट जास्त वजनदार लागतात.

आता त्यात कोमल गंधार घाला. पडद्यावर तो 237.84 आहे. त्याची सा-शी वजाबाकी 37.84 आणि पंचमाशी 61.82. हा दुसरा सूर दोन सप्तकं वर नेऊन पाहिला तर 247.3 होतो, म्हणजे वादकाने वाजवला कोमल गंधार आणि छाटलेल्या आवाजाने खर्जात सोडला शुद्ध गंधाराकडं झुकलेला एक अधांतरी सूर. कानाला याचा अर्थ एकच लागतो: चिखल. शुद्ध गंधार घेतला तर तो 251.98 वर येतो आणि वजाबाक्या 51.98 व 47.68 होतात, त्या एकमेकींवर घासून सेकंदाला चारेक वेळा थरथरतात. गंमत अशी, की हार्मोनियम आणि गिटार दोघांचेही स्वर असेच समान बारा भागांत कापलेले, पण हार्मोनियम छाटत नाही म्हणून तिचा दोष दडतो. (या घासाघाशीचा हिशेब आपल्या भागाला नवा नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर पुस्तकच लिहिलं होतं.)

वादक यावर सोपा तोडगा काढतात: गंधारच गाळतात. त्यामुळं मूळ गाण्यात पेटीने सतत धरून ठेवलेला रंग साथीतून नाहीसा होतो आणि सगळा भार गळ्यावर पडतो. गायक तिथं जरा डळमळला की गाणं रडवं आहे की खुशीचं, हेच कळेनासं होतं. 'आत्मा गेला' अशी तक्रार करणाऱ्यांना बहुधा हा गेलेला गंधारच म्हणायचा असतो.

चांगलं रॉक रूप हे कसं सांभाळतं, याचा नमुना म्हणून अमेरिकन गायक बॉब डिलनचं 1967 चं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' आणि रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने 1968 मध्ये केलेलं त्याचं रूप लागोपाठ ऐकावं. डिलनचं अडीच मिनिटांचं: साधी गिटार, माउथ ऑर्गन, बेस, ड्रम. हेंड्रिक्सचं चार मिनिटांचं. डिलनचं काळी एकमध्ये, हेंड्रिक्सचं पांढरी एकमध्ये, म्हणजे अर्धा सूर खाली. कॉर्डांचा क्रम मात्र तोच. खरी मेख अशी, की हेंड्रिक्सच्या मुद्रणात डेव्ह मेसनने बारा तारांची साधी गिटार वाजवली आहे. तिच्यावरचे कॉर्ड छाटले जात नाहीत आणि त्यावर हेंड्रिक्सची तापलेली गिटार बरीचशी एकेका सुराने बोलते.

स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी कुठल्या कंप्रता वाजतायत याचं चित्र, काढून हे डोळ्यांनी बघता येतं, फक्त खिडकीचं, म्हणजे एका वेळी मोजायच्या नमुन्यांचं, माप चुकवू नका. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या मुद्रणावर 2048 ची खिडकी घेतली तर प्रत्येक पट्टी 21.5 हर्ट्झची होते आणि दोन्ही गंधार एकाच ठिपक्यात मिसळतात. 8192 घ्या, 5.4 हर्ट्झपर्यंत जाता येतं. पण मग प्रत्येक क्षण 186 मिलिसेकंदांचा होतो आणि ढोलकीचे जलद बोल फासले जातात. ढोलकीसाठी 512 ची वेगळी आकृती काढावी. एकाच चित्रात दोन्ही मिळत नाहीत.

बँडला स्वतःच्या रूपात गंधार ठेवायचा असेल, तर छाटणीपूर्वी सूर एकत्र येऊ द्यायचे नाहीत, हेच सूत्र. एका गिटारवर सा-प, दुसऱ्या गिटारवर वेगळ्या ॲम्पमधून एकटा गंधार, किंवा सरळ पेटी आणि तिला स्वतंत्र माइक. गेन (ॲम्पमध्ये सूर किती चढवायचा ते) कोमल गंधाराच्या गाण्याला जरा कमीच ठेवा, कारण छाटलेल्या सा-प मध्येही वरच्या सप्तकात शुद्ध गंधार डोकावतो. आणि एवढं करून मिक्सरच्या मास्टरचा लाल दिवा पेटत असेल, तर सगळे सूर शेवटी एकाच ठिकाणी छाटले जातायत. मिरवणुकीतल्या डॉल्बीवर ओळखीचं गाणंही खरखरीत आणि रंगहीन लागतं, ते याच लाल दिव्यामुळं.