नऊ मतांचा एमव्हीपी : एनबीएच्या कॉन्फरन्स फायनल्समधला पुरस्कार

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये ईस्टर्न आणि वेस्टर्न या दोन कॉन्फरन्स, म्हणजे संघांचे गट, १९७०-७१च्या हंगामापासून आहेत. दोन्हीकडची शेवटची मालिका सातपैकी चार सामने जिंकणाऱ्याची, आणि त्यातून निघालेले दोन संघ फायनल्स खेळतात. मात्र या मालिका गाजवणाऱ्या खेळाडूच्या हाती ५१ हंगाम काहीच पडत नव्हतं.

फायनल्सचा एमव्हीपी (मालिकेतला सर्वांत मोलाचा खेळाडू) हा पुरस्कार त्याहून जुना, १९६९चा. पहिला मान लेकर्स संघाच्या जेरी वेस्टला मिळाला, तोही मालिका हरल्यावर. बक्षिसाची डॉज चार्जर गाडी हिरवी निघाली, म्हणजे जिंकलेल्या बॉस्टन सेल्टिक्स संघाच्या रंगाची! हरलेल्या संघातला फायनल्स एमव्हीपी त्यानंतर झालेला नाही.

मे २०२२मध्ये, ७५व्या हंगामात, लीगने नवे करंडक जाहीर केले. इथे नावांची गल्लत नेहमी होते. ईस्ट जिंकणाऱ्या संघाला बॉब कूझी करंडक, वेस्ट जिंकणाऱ्याला ऑस्कर रॉबर्टसन करंडक. मालिकेच्या एमव्हीपीला ईस्टमध्ये लॅरी बर्ड, वेस्टमध्ये मॅजिक जॉन्सन या माजी खेळाडूंच्या नावाचा करंडक. पहिले मानकरी जेसन टेटम आणि स्टीफन करी.

मतदार फक्त नऊ, सगळे माध्यमांतले, आणि प्रत्येकाला एकच नाव देता येतं. दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीला गुण नाहीत. आकडा विषम असल्याने दोघांतच चुरस असेल तर बरोबरी होत नाही. पण तिसऱ्याला एक मत गेलं तर ४-४-१ होऊ शकतं.

एकाच नावाच्या या पद्धतीचा परिणाम पुढच्या तीन वर्षांत लख्ख दिसला. वेस्टमध्ये २०२३ला निकोला योकिच, २०२४ला लुका डॉन्चिच, २०२५ला शे गिल्जस-अलेक्झांडर, तिघेही ९-०. योकिचने लेकर्सविरुद्ध चार सामन्यांत सरासरी २७.८ गुण, १४.५ रीबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं) आणि ११.८ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटसाठी दिलेला पास) केल्यावर दुसरं नाव लिहिणार कोण?

ईस्टमध्ये तिन्ही वर्षं ५-४. २०२३ला मायामीच्या जिमी बटलरला (२४.७ गुण) टक्कर दिली ती त्याच्याच संघातल्या केलेब मार्टिनने. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, कुणी न घेतलेल्या या खेळाडूने सरासरी १९.३ गुण केले आणि बॉस्टनमधल्या सातव्या सामन्यात २६ गुण, १० रीबाउंड. २०२४चा निकाल जास्त वादाचा. दोघेही सेल्टिक्सचे: टेटमची सरासरी ३०.३ गुण, जेलन ब्राउनची २९.८, रीबाउंड आणि असिस्टमध्येही टेटम पुढे. तरी ब्राउन जिंकला, कारण निर्णायक क्षण त्याचे होते: पहिल्या सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत कोपऱ्यातून मारलेला बरोबरीचा थ्री (तीन गुणांची बास्केट), दुसऱ्यात ४० गुण, आणि चौथ्यात डेरिक व्हाइटच्या विजयी थ्रीसाठी दिलेला पास. चारच सामन्यांच्या मालिकेत सरासरीपेक्षा अशा क्षणांना वजन येणारच, आणि आमच्या मते ते योग्यही आहे. २०२५ला मात्र पास्कल सियाकमच्या गुणांनी (२४.८, दुसऱ्या सामन्यात ३९) टायरिस हॅलिबर्टनच्या १०.५ असिस्टवर मात केली. या दोघांच्या पेसर्स संघाची ही २००० नंतरची पहिली फायनल. २०००मध्ये त्यांचा प्रशिक्षक होता खुद्द लॅरी बर्ड.

बर्ड-जॉन्सन ही नावं घेण्यामागे १९७९च्या कॉलेज फायनलपासूनचं वैर आहे. एनबीए फायनल्समध्ये ते १९८४, १९८५ आणि १९८७ला समोरासमोर आले. पहिली बर्डने जिंकली, पुढच्या दोन जॉन्सनने.

हा पुरस्कार आल्यापासून २०२५पर्यंत चारही वर्षं फायनल्सचा एमव्हीपी त्या-त्या वर्षीच्या दोन कॉन्फरन्स एमव्हीपींपैकीच एक झाला: करी, योकिच, ब्राउन, गिल्जस-अलेक्झांडर.