मोलर वस्तुमान

पदार्थाच्या एक मोल राशीचे वस्तुमान. एकक ग्रॅम प्रति मोल. जुन्या पाठ्यपुस्तकांत यालाच ढोबळपणे रेणुभार म्हणत. संयुगाच्या सूत्रात ज्या मूलद्रव्याचे जितके अणू, तितक्या पटीने त्याचे अणुवस्तुमान घेऊन सगळ्यांची बेरीज करायची, एवढीच रीत. २० मे २०१९ पासून मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, असे ठरले आहे. त्याआधीची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ वर बेतलेली होती. रोजच्या हिशेबात या बदलाने काहीही फरक पडत नाही.

तक्त्यातले अणुवस्तुमान ही समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंची, सरासरी असते. क्लोरिनचा आकडा ३५.४५ असला तरी तेवढ्या वजनाचा एकही क्लोरिन अणू सापडायचा नाही. ३५ आणि ३७ वस्तुमानांकांच्या अणूंचे हे साधारण तिनास एक मिश्रण.

बेरीज कुणालाही जमते, घोडे अडते ते सूत्रापाशी. सांगली जिल्ह्यात तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांत केवडा रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातले मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घ्या. तांबे ६३.५४६, गंधक ३२.०६, ऑक्सिजनचे चार अणू ६३.९९६, बेरीज १५९.६०२. पुष्कळ विद्यार्थी इथेच पेन खाली ठेवतात. हा आकडा निर्जल, पांढऱ्या कॉपर सल्फेटचा झाला. दुकानात मिळणाऱ्या निळ्या खड्यात प्रत्येक सूत्रामागे पाण्याचे पाच रेणू अडकलेले असतात. पाण्याचे १८.०१५, पाच रेणूंचे ९०.०७५, म्हणून मोरचुदाचे मोलर वस्तुमान २४९.६७७. गंधकाचा आकडा दोनच दशांश स्थळांपर्यंत घेतला असल्याने उत्तर २४९.६८ लिहावे. १ किलो मोरचूद म्हणजे सुमारे ४ मोल, आणि त्यात तांबे जेमतेम २५५ ग्रॅम. ३६१ ग्रॅम तर निव्वळ पाणी, म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या किलोतला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग.

मिश्रणातला दुसरा घटक चुना. कळीच्या चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइडचे, मोलर वस्तुमान ५६.०७७. विझवल्यावर ते ७४.०९२ होते. इथे सूत्रात, Ca(OH)₂ मध्ये, कंस येतो, आणि कंसाबाहेरचा २ फक्त हायड्रोजनला लावून ५८.०९३ काढणारे हमखास भेटतात. ऑक्सिजनही दुप्पट करायचा असतो. मोलास मोल धरले तर १ किलो मोरचुदाला कळीचा चुना सव्वादोनशे ग्रॅमच पुरावा. पारंपरिक प्रमाण मात्र १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना असे आहे. बाजारातला चुना शुद्ध नसतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा काही भाग कार्बोनेट झालेला असतो. शिवाय मोकळे तांबे पान करपवते, म्हणून चुना थोडा जास्तच ठेवतात. घासून स्वच्छ केलेला विळा मिश्रणात बुडवून पाहायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालायची. मोलचा हिशेब शुद्ध पदार्थापुरता खरा, बाकी काम विळ्याचे.

बेदाणा करताना द्राक्षे ज्या द्रावणात बुडवतात त्यात लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर इथाइल ओलिएट, म्हणजे ‘डिपिंग ऑइल’, घालण्याची पद्धत आहे. पोटॅशियमचे दोन अणू ७८.१९६, कार्बन १२.०११, ऑक्सिजनचे तीन ४७.९९७, एकूण १३८.२०४. २५ ग्रॅम म्हणजे ०.१८ मोल. तेल मापाने घेतात, तेव्हा आधी घनतेने गुणून ग्रॅम काढावे लागतात: मिलिलिटरला ०.८७ ग्रॅमप्रमाणे सुमारे १३ ग्रॅम. कार्बनचे २०, हायड्रोजनचे ३८ आणि ऑक्सिजनचे २ अणू असलेल्या या रेणूचे मोलर वस्तुमान ३१०.५२, त्यामुळे वजनाने कार्बोनेटच्या निम्मे भरणारे तेल मोलमध्ये ०.०४२, म्हणजे चौथ्या हिश्श्याहूनही कमी भरते.