दोन वादक, आठ ट्रॅक आणि टायरचा बंद कारखाना

सोलापूरकरांना अमेरिकेतील ॲक्रन हे शहर फार परके वाटू नये. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांचे भोंगे आपल्याकडे एकामागून एक थांबले. ओहायो राज्यातील या ‘रबरनगरी’तही टायरचे कारखाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असेच बंद पडत गेले. गिटार वाजवणारा आणि गाणारा डॅन ऑअरबाख व ड्रम वाजवणारा पॅट्रिक कार्नी यांची ‘द ब्लॅक कीज’ ही जोडी २००१ मध्ये याच शहरात जमली. तिच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांतील खरखरीतपणाला अनेकजण केवळ शैली समजतात. त्यामागे पैशाची आणि जागेची अडचणही तितकीच होती.

२००२ चा ‘द बिग कम अप’ हा पहिला अल्बम कार्नीच्या घराच्या तळघरात, टॅस्कॅमच्या ३८८ या टेप-यंत्रावर मुद्रित झाला. या यंत्रात पाव इंच रुंदीच्या टेपवर आठ ट्रॅक, म्हणजे स्वतंत्र ध्वनिपट्ट्या, बसवलेले असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला अगदी अरुंद पट्टी येते. परिणामी मागची टेपची सरसर ऐकू येते आणि आवाज चढवला की तो दबून जाडसर होतो. (सोलापूरच्या पूर्व भागात घरी गाणे मुद्रित करू पाहणाऱ्याच्या माइकमध्ये शेजारचा यंत्रमाग शिरतो, ती अडचण निराळी.) त्यानंतर मिसिसिपीतील ‘फॅट पॉसम’ या छोट्या स्वतंत्र कंपनीने दिलेली आगाऊ रक्कम घरभाड्यात गेली, त्यामुळे स्टुडिओ परवडेना आणि २००३ चा ‘थिकफ्रीकनेस’ बहुतांशी त्याच तळघरात, चौदा तासांच्या एकाच बैठकीत उरकला गेला. त्याच वर्षी आलेल्या ‘एलिफंट’साठी ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या डेट्रॉइटच्या जोडीनेही लंडनमध्ये आठ ट्रॅकचेच यंत्र वापरले होते, पण तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

खर्जाचे स्वर देणारी बेस गिटार नसूनही ही गाणी पोकळ का वाटत नाहीत, याचे उत्तर मिसिसिपीच्या उत्तरेकडील टेकड्यांतील ब्लूजमध्ये, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतात, आहे. ज्युनियर किंब्रो आणि आर. एल. बर्नसाइड या तिथल्या गायक-गिटारवादकांच्या वादनात स्वरसंगती फारशी बदलत नाही. एकच आवर्तन घुमत राहते आणि गिटारच्या जाड तारा खर्जाची बाजू सांभाळतात. ऑअरबाखने हे वळण किंब्रोकडून उघडपणे उचलले, आणि २००६ चा ‘चुलाहोमा’ तर सर्वस्वी त्याच्याच गाण्यांचा आहे.

पुढे तळघरही हातचे गेले. तेव्हा या दोघांनी ॲक्रनमधील ‘जनरल टायर’च्या बंद कारखान्याचा दुसरा मजला भाड्याने घेतला आणि २००४ चा ‘रबर फॅक्टरी’ तेथे मुद्रित केला. ती जागा ध्वनिमुद्रणाला सोयीची मुळीच नव्हती. ऑनलाइन लिलावात स्वस्तात मिळालेला मिक्सिंग कन्सोल (वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणारे यंत्र) कुरबुरी करी, आणि काम संपल्यावर तो अवजड डबा खाली उतरवणे नको म्हणून तेथेच सोडून देण्यात आला. ती इमारत पुढे २०१० मध्ये पाडली गेली. माझ्या मते या जोडीचे सर्वांत भरीव काम याच अल्बममध्ये आहे: गिटारचा आवाज तळघरातल्याइतकाच ओबडधोबड आहे, पण संथ गाण्यांना प्रथमच मोकळी जागा मिळाली आहे.

२००६ मध्ये ‘नॉनसच’ या मोठ्या समूहातील कंपनीशी करार झाला आणि ‘अटॅक अँड रिलीज’साठी (२००८) ते प्रथमच बाहेरच्या निर्मात्यासह व्यावसायिक स्टुडिओत गेले. २०२१ च्या ‘डेल्टा क्रीम’मध्ये ते पुन्हा किंब्रो-बर्नसाइड यांच्या गाण्यांकडे वळले, नॅशव्हिलमधील ऑअरबाखच्या स्वतःच्या स्टुडिओत, बर्नसाइडचा जुना साथीदार केनी ब्राउन याला सोबत घेऊन, तोही अल्बम सुमारे दहा तासांतच मुद्रित झाला.